मान धरली की ब्रेक

वकीलबाई : थांबा, थांबा. एकेक करून बोला. पाठीवरचे फोड बरे झाले की नाही, एवढंच आधी सांगा.

ड्रायव्हर : झाले.

कंडक्टर : झाले म्हणजे? कोरी पाटी झालीये पाठीची! आधी बघायला हवी होती तुम्ही. मुरमांचे वाटाण्याएवढे फोड, आणि सगळे ओले. सीटला टेकायची सोय नाही. दिवसभर हा पोरगा स्टेअरिंगवर ओणवा होऊन गाडी हाकायचा, आणि ड्युटी संपली की मी पाणी लावून लावून ह्याचा शर्ट पाठीपासून सोडवायचो. चुकून कुणी पाठीवर थाप मारली की डोळ्यांत पाणी यायचं ह्याच्या.

वकीलबाई : तुम्ही यांचे कोण?

कंडक्टर : मी ह्याचा कंडक्टर.

वकीलबाई : म्हणजे बसचे.

कंडक्टर : बसचा, आणि ह्याचाही. नवा नवा भरती झाला तेव्हापासून माझ्याच पदरात टाकलाय. मी पायलट म्हणतो ह्याला.

वकीलबाई : बरं. पण औषध यांनी घेतलंय, तेव्हा उत्तरं यांनाच देऊ द्या. डॉक्टरांनी गोळ्या लिहून देताना काय सांगितलं होतं?

ड्रायव्हर : कॅप्सूल होत्या. म्हणाले, ओठ फुटतील, मलम लावत जा. कातडी कोरडी पडेल. रक्त तपासत राहायचं. दारू प्यायची नाही. मी पीत नाहीच.

वकीलबाई : डोळ्यांबद्दल?

ड्रायव्हर : नाही.

वकीलबाई : आठवून सांगा. डोळे कोरडे पडतील, असंही नाही?

ड्रायव्हर : कोरडे पडतील म्हणाले असतील. अंधारात दिसणार नाही, असं नाही म्हणाले. म्हणाले असते तर ती चिठ्ठी मी तिथंच टेबलावर ठेवून आलो असतो. मी त्यांना सांगितलं होतं बाई, मी बस चालवतो म्हणून. ते म्हणाले, अरे वा, मग पाण्याची बाटली जवळ ठेवत जा.

वकीलबाई : हे महत्त्वाचं आहे. काम सांगितलं होतंत तुम्ही.

ड्रायव्हर : पहिल्याच दिवशी. पाठ का दाखवायला आलोय हे सांगताना सीटचंच सांगावं लागलं ना.

वकीलबाई : औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा एक कागद असतो. तो वाचला होतात?

ड्रायव्हर : खोकं कधी मिळालंच नाही. दुकानदार पट्टी कापून द्यायचा.

वकीलबाई : हं. त्या कागदात एक ओळ आहे. रात्रीची नजर मंदावू शकते, वाहन चालवताना जपावं, अशी. औषध कंपनी त्या एका ओळीच्या आड उभी राहणार. आम्ही छापलं होतं, डॉक्टरांनी पुढे सांगायचं. डॉक्टर म्हणणार, मी सांगितलं, पेशंटच्या डोक्यात राहिलं नाही. दुकानदार म्हणणार, मी नुसता विकतो.

कंडक्टर : म्हणजे घोंगडं फिरत फिरत शेवटी ह्याच्याच गळ्यात.

वकीलबाई : ते होऊ नये म्हणूनच मी इथे बसलेय. ह्याच औषधाचे आणखी दावे आहेत माझ्याकडे. एका मुलाचं आतडं सुजलंय, ते बरं व्हायचं नाव घेत नाही. एक मुलगी इतकी खचलीये की घरचे तिला खोलीत एकटी सोडत नाहीत. सगळे चेहऱ्यावरच्या मुरमांसाठी डॉक्टरकडे गेले होते, दुसरं काही नाही. डोळ्यांचे तुम्ही पहिलेच. म्हणून नीट सांगा. अंधारात नेमकं काय होतं?

ड्रायव्हर : अंधारात असं नाही. अंधार पडायला लागतो ना, तिथूनच. दिवसा सगळं लख्ख दिसतं. मग कडा जायला लागतात. रस्त्याची कड, फुटपाथची कड. मधलं तेवढं उरतं. समोरून एखादी गाडी आली, तिचे दिवे डोळ्यांवर पडले, की ती निघून गेल्यावर काहीच नाही. विहिरीत वाकून बघितल्यासारखं. मग हळूहळू परत येतं.

वकीलबाई : किती वेळाने?

ड्रायव्हर : तेवढ्यात गाडी बरीच पुढे गेलेली असते.

वकीलबाई : कॅप्सूल अजून चालू आहेत?

ड्रायव्हर : बंद करून महिना होऊन गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बहुतेकांची नजर परत येते. मी विचारलं, त्या बहुतेकांत मी आहे का? ते म्हणाले, थांबून बघू.

वकीलबाई : हे डॉक्टर तुमच्या बस कंपनीचे?

ड्रायव्हर : नाही. लांबचे. मुद्दाम लांबचे शोधले. त्यांना मी माझं काम सांगितलं नाही.

वकीलबाई : पहिल्या डॉक्टरांना सांगितलं आणि यांना नाही.

ड्रायव्हर : तेव्हा लपवायला काही नव्हतं.

कंडक्टर : नोकरीत कायम नाही झाला हो अजून. डोळे गेले म्हणाला की ड्रायव्हर संपला. घरी आई आहे, बायको आहे, धाकटा शिकतोय. सगळी चूल ह्याच्या एकट्याच्या पगारावर पेटते. सांगेल कसा?

वकीलबाई : मला कळतंय. पण कोर्टात सगळ्यांत मोठा प्रश्न पुढचाच असतो. हे तुमच्या लक्षात पहिल्यांदा कधी आलं?

ड्रायव्हर : उन्हाळा संपता संपता.

वकीलबाई : आता थंडी तोंडावर आलीये. मधल्या दिवसांत संध्याकाळच्या फेऱ्या कोणी मारल्या?

ड्रायव्हर : ...मीच.

वकीलबाई : न दिसता?

कंडक्टर : दिसायचं की! म्हणजे मला दिसायचं. अहो बाई, तेच तर सांगायला मी ह्याच्याबरोबर आलोय. एवढा वेळ जीभ चावून बसलो होतो. आमची एक पद्धत आहे. तिकिटं मी गाडी सुटायच्या आधीच फाडून घेतो. वाटेत चढणारी चारदोन माणसं, त्यांचं मग बघतो. बाकी सगळा वेळ मी ह्याच्या सीटमागे उभा, दोन्ही हात ह्याच्या खांद्यांवर. डावा खांदा दाबला की डावीकडे कोणीतरी आहे. उजवा दाबला की समोरून मोठी गाडी येतेय. दोन थापा, रस्ता मोकळा. आणि मान धरली की ब्रेक. पाठ बरी झाली म्हणून तर हे जमलं, आधी हात कुठे लावू देत होता! एक दिवस मी रजा नाही घेतली. ताप असताना गेलो. तुम्ही मला कोर्टात उभं करा, मी शपथेवर सांगतो. ह्या पोरानं कुणाचा जीव धोक्यात घातला नाही. आम्ही डोळ्यांत तेल घालून...

वकीलबाई : बस.

कंडक्टर : काय झालं?

वकीलबाई : हे आणखी कोणाला सांगितलंय?

कंडक्टर : छे. साक्षीसाठी राखून ठेवलं होतं. तुम्हीच पहिल्या.

वकीलबाई : काका, तुम्ही आत्ता काय सांगितलंत ते तुम्हालाच परत ऐकवते. ह्याला दिसत नव्हतं, हे ह्याला माहीत होतं, हे मलाही माहीत होतं, आणि तरी आम्ही रोज माणसं भरून गाडी नेली. तुमची साक्ष ती एवढीच आहे. औषध कंपनीचा वकील तुम्हाला गाडी पाठवून कोर्टात घेऊन जाईल.

कंडक्टर : पण आम्ही जपत होतो!

वकीलबाई : जपायची गरज होती हे कळत होतं, म्हणूनच जपत होतात ना?

कंडक्टर : ...मला वाटलं, उपयोगी पडेल.

ड्रायव्हर : काका, राहू द्या.

वकीलबाई : अपघात? काही लागलं, घासलं?

कंडक्टर : काही नाही.

ड्रायव्हर : काल...

कंडक्टर : काल पुलाच्या अलीकडे कुणीतरी कडेला पोतं ठेवलं होतं. त्याला जरा अंग घासलं गाडीचं. पोत्याला काय होतंय!

वकीलबाई : आणि आज संध्याकाळी ड्युटी आहे?

ड्रायव्हर : आहे. शेवटच्या थांब्यावरून परतीची.

वकीलबाई : मग नीट ऐका. तुमचा दावा खरा आहे. मी बस चालवतो असं सांगूनही तुम्हाला कोणी सावध केलं नाही, ह्यावर मी लढेन. पण त्याआधी तुम्हाला तुमच्या ऑफिसात जाऊन सांगावं लागेल, की मला अंधारात दिसत नाही. तुमच्या तोंडाने. आज, गाडी हलवायच्या आधी.

ड्रायव्हर : आणि नोकरी?

वकीलबाई : जाईल कदाचित. इतके दिवस चालवलीत म्हणून गुन्हाही लागू शकतो. मी गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही. यांनाही विचारतील.

कंडक्टर : मला? मी काय केलं? माझी शेवटची थंडी आहे नोकरीतली. उन्हाळ्यात निवृत्त होतोय मी.

वकीलबाई : तुम्ही काय केलंत ते तुम्हीच सांगितलंत आत्ता.

ड्रायव्हर : आणि नाही सांगितलं तर, बाई?

वकीलबाई : तर मी तुमची वकील नाही. दाव्यातून कधीतरी पैसे मिळतील, डोळे मिळणार नाहीत. आणि तुमच्या गाडीखाली जो सापडेल त्याला काहीच मिळणार नाही. मी तुम्हाला घाबरवत नाहीये. मी स्वतः घाबरलेय. मीही घरी बसनेच जाते.

(संध्याकाळ. वस्तीबाहेरचा शेवटचा थांबा. बस उभी आहे, इंजिन बंद. मागे काही प्रवासी येऊन बसलेत. समोर गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलरच्या खोलीत दिवा लागलाय.)

कंडक्टर : झाली तिकिटं. चल पायलट, मार स्टार्टर.

ड्रायव्हर : थांबा थोडं.

कंडक्टर : थांबलास तेवढा उजेड गेला. लवकर निघू, म्हणजे पुलापर्यंत तरी उजेडात जाऊ.

ड्रायव्हर : काका, समोरच्या दुकानाची पाटी वाचता येते तुम्हाला?

कंडक्टर : येते की.

ड्रायव्हर : परवापर्यंत ह्या वेळेला मलाही येत होती. आज ती पाटीच नाहीये तिथे.

कंडक्टर : दिवस लहान व्हायला लागलेत रे. गाडीची वेळ तीच, अंधार तेवढा अलीकडे सरकलाय.

ड्रायव्हर : की डोळे आणखी चाललेत?

कंडक्टर : वाईट बोलू नये. डॉक्टर म्हणालेत ना, येईल परत.

ड्रायव्हर : थांबून बघू म्हणालेत. मी कुठे थांबलोय?

कंडक्टर : हे बघ, त्या बाईचं डोक्यातून काढून टाक. हुशार आहे, पण ती खुर्चीवर बसून बोलते. तिला काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. कंट्रोलरकडे जाऊन सांगितलंस की आजपासून घरी. उद्या आईला काय सांगशील? धाकट्याच्या शाळेत काय सांगशील? आजची फेरी मारू. उद्या तू आजारी पड. ताप, खोकला, जे सुचेल ते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ड्रायव्हर : आणि परवा?

कंडक्टर : परवाचं परवा.

ड्रायव्हर : असंच करत करत इथपर्यंत आलो, काका. उन्हाळ्यात वाटलं, पावसाळ्यापर्यंत बरं होईल. पावसाळ्यात वाटलं, कॅप्सूल सोडली की होईल. रोज ह्या वेळेनंतर जेवण नको होतं. बायको म्हणते, जेवत का नाही? मी तिला सांगतो, दुपारी कँटीनमध्ये जास्त झालं.

कंडक्टर : तिला माहीत नाही?

ड्रायव्हर : ती खूश आहे. पाठ बरी झाली म्हणून. रात्री पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, बघ, एक डागसुद्धा राहिला नाही. मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहतो. खिडकी कुठे आहे ते शोधत.

कंडक्टर : ...चल. हळू जाऊ. चालणारी माणसं आपल्याला मागे टाकून जातील इतकं हळू जाऊ.

ड्रायव्हर : काल ते पोतं होतं ना?

कंडक्टर : कितीदा विचारशील? पोतंच होतं.

ड्रायव्हर : तुम्ही मान धरली नाहीत.

कंडक्टर : पोत्यासाठी कशाला मान धरू?

ड्रायव्हर : डावा खांदाही दाबला नाहीत. घासल्यावर दाबलात.

कंडक्टर : पायलट, मागे माणसं बसलीत. ऐकतील.

ड्रायव्हर : मग हळू सांगा. मला दिसत नाही काका, ऐकू येतं. पोतं ओरडत नाही. सांगा.

कंडक्टर : पडला नाही तो.

ड्रायव्हर : कोण?

कंडक्टर : सायकलवाला. काळा सदरा, सायकलला दिवा नाही. हँडलला गाडीचं अंग लागलं. पुलाच्या कठड्याला धरून उभा राहिला, मी वळून बघितलं ना. शिव्या घालत होता. म्हटलं, शिव्या घालतोय म्हणजे जिवंत आहे. बरं वाटलं मला शिव्या ऐकून, आईशपथ.

ड्रायव्हर : आणि मला पोतं म्हणालात.

कंडक्टर : खरं सांगितलं असतं तर तू तिथंच गाडी थांबवली असतीस. पुढचा सगळा रस्ता बाकी होता. गाडीत माणसं होती.

ड्रायव्हर : तुम्हाला तो आधी दिसला नाही?

कंडक्टर : दिसला. उशिरा दिसला.

ड्रायव्हर : काका...

कंडक्टर : माझेही डोळे काय विशीतले आहेत का रे? समोरून दिवे आले की मलाही जरा धुरकट होतं. वयानं होतंच ते. पण तुझ्याइतकं नाही.

ड्रायव्हर : हे मला आज सांगताय?

कंडक्टर : तू विचारलं नव्हतंस.

ड्रायव्हर : मी रोज तुमच्या डोळ्यांवर गाडी चालवली. मला वाटायचं, माझं काही का असेना, काकांना दिसतंय.

कंडक्टर : दिसतंय रे. बहुतेक दिसतंय. थांब, फोन वाजतोय. नात आहे. हॅलो... बोल चिऊ. सुटला क्लास?... म्हणजे तुझी नेहमीची गाडी आलीच नाही आज?... येईल, उशीर झाला असेल... नको. नको गं, आमच्या गाडीत नको चढू... अगं गर्दी आहे फार. पाय ठेवायला जागा नाही, दारात लोंबकळतायत माणसं... मागून दुसरी येईल ती घे... पुलापाशीच उभी आहेस?... मग कडेला नको थांबू. त्या औषधाच्या दुकानात जाऊन उभी राहा. आत, पायरीवर नाही, आत. आणि आमची गाडी पुढे निघून गेली की मगच बाहेर ये... काही नाही झालं. सांगतोय तेवढं ऐक. ठेव.

ड्रायव्हर : चिऊ का?

कंडक्टर : हं.

ड्रायव्हर : बऱ्याच दिवसांत आपल्या गाडीत नाही आली. आधी रोज यायची. इथे इंजिनाशेजारी बसून मला सगळ्या दुकानांची नावं वाचून दाखवायची. मला वाटलं, क्लास बदलला.

कंडक्टर : क्लास तोच आहे.

ड्रायव्हर : मग?

कंडक्टर : मीच सांगितलंय तिला. आमच्या गाडीनं येऊ नकोस म्हणून.

ड्रायव्हर : कालपासून?

कंडक्टर : नाही.

ड्रायव्हर : कधीपासून, काका?

कंडक्टर : तुझ्या खांद्यावर हात ठेवायला लागलो, त्या दिवसापासून. असं नको बघूस माझ्याकडे. आईबाप नाहीत तिला. माझ्यानंतर कोण आहे तिचं?

ड्रायव्हर : मी बघत नाहीये. मला तुमचं तोंड नीट दिसतसुद्धा नाहीये. मागे कोण कोण बसलंय?

कंडक्टर : रोजचीच माणसं.

ड्रायव्हर : आरशात कळत नाही मला. सांगा ना.

कंडक्टर : नर्सबाई आहेत, डबा मांडीवर घेऊन पेंगतायत. कॉलेजची दोन पोरं आहेत. एक म्हातारबुवा, नेहमीचे, ते सुटे पैसे नाहीत म्हणून भांडणारे. आणि एक बाई आहे. तिच्या कुशीत लेकरू झोपलंय.

ड्रायव्हर : दारात कोणी लोंबकळत नाहीये?

कंडक्टर : नाही.

ड्रायव्हर : ह्यांच्या कुणाच्या आजोबांनी फोन करून सांगितलं नाही त्यांना.

प्रवासी : अहो कंडक्टर, सुटणार आहे का गाडी? अंधार पडला की!

कंडक्टर : सुटतेय, सुटतेय. बसा.

ड्रायव्हर : काय करू, काका? तुम्ही सांगाल ते करतो. मला खूप भीती वाटतेय. खाली उतरलो तर घर बसलं. नाही उतरलो तर तो पूल आहे. काल रात्रभर पूल दिसत होता, आणि त्यावर एक पोतं. पोत्याला तोंड होतं.

कंडक्टर : (सीटमागे येऊन उभा राहतो.)

ड्रायव्हर : बरं. मारतो स्टार्टर. झालं इंजिन सुरू. ठेवा हात खांद्यावर, निघू. ...ठेवताय ना? ...काका, ही मान आहे.

कंडक्टर : माहीत आहे.

ड्रायव्हर : मान कशाला धरलीत? गाडी अजून हललीसुद्धा नाही.

कंडक्टर : म्हणूनच धरली. बंद कर इंजिन. चावी काढ.

ड्रायव्हर : तुमचे हात गार पडलेत.

कंडक्टर : पडणारच. मला काय कमी भीती आहे? सगळं आयुष्य ह्या दारात उभं राहून काढलं, शेवटची थंडी आनंदात जाईल म्हटलं होतं. मला वाटलं, मी तुला सांभाळतोय. लोकांची पोरं तुझ्या गाडीत घातली, आणि स्वतःचं एक पोर तेवढं दुकानात लपवलं. काढ चावी.

ड्रायव्हर : काढली.

कंडक्टर : मंडळी, उतरा खाली. गाडी जाणार नाही.

प्रवासी : आता काय झालं? बिघडली का?

कंडक्टर : हो, जरा इंजिनात...

ड्रायव्हर : नाही. गाडी चांगली आहे. मला अंधारात दिसत नाही.

प्रवासी : थट्टा करता का? काल तुम्हीच तर सोडलंत आम्हाला घरी!

ड्रायव्हर : हो. कालही दिसत नव्हतं.

लेकरूवाली बाई : अहो, माझं लेकरू असतं रोज गाडीत.

ड्रायव्हर : हो, ताई.

कंडक्टर : उतरा, बाई. सावकाश. कंट्रोलरला सांगून दुसरा ड्रायव्हर मागवतो, तोवर बाकावर बसा. काय बोलायचं ते मला बोला, ह्याला नको. म्हातारबुवा, तुम्हीही बोला. आज मी भांडणार नाही.

ड्रायव्हर : उतरले सगळे?

कंडक्टर : उतरले. चल आपणही. त्या बाईंचा नंबर आहे ना तुझ्याकडे? वकीलबाईंचा?

ड्रायव्हर : आहे.

कंडक्टर : कंट्रोलरकडे आधी मी बोलतो. पद्धत माझी होती, ते मी सांगेन. कॅप्सूलचं तू सांग.

ड्रायव्हर : तुमचं उन्हाळ्याचं काय?

कंडक्टर : उन्हाळा येईल त्याच्या पायांनी. ऊठ.

ड्रायव्हर : पायरी दिसत नाहीये मला.

कंडक्टर : हात दे. डावा पाय खाली सोड. आणखी थोडा. आहे, जमीन आहे. टेकव.

ड्रायव्हर : हात सोडू नका.

कंडक्टर : नाही सोडत. एका हाताने फोन लावतो. हॅलो, चिऊ?... ये बाहेर दुकानातून. आमची गाडी येत नाहीये.